दोन पॉइंट नऊ

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, पत्र्याखालचा गाळा.
पहिल्या दिवशी गोल दिसेल ते सगळं
मी लाल ट्रेमध्ये टाकत सुटले होते.
वैती मास्तरांनी ट्रे माझ्यासमोर पालथा केला.
रागावले नाहीत.
म्हणाले, प्रणिता, डबा सारखा म्हणून भाजी सारखी नसते.

मग शिकले.
काळा डगला, त्यावर फिकट पट्टी, पट्टीत वजाची खूण:
कपॅसिटर, निळ्या ट्रेमध्ये.
डोक्यावरची खाच फुगली असेल तर गेलेला, तरी निळ्यातच.
एका टोकाला बोंडूक आणि कडेला गंज फुटलेला: सेल, लाल.
शिक्का पुसला असेल तर मीटर.
आणि मीटरच्या आधी, दर वेळी, अगदी दर वेळी,
दोन पायांना रेझिस्टर टेकव.
एकदाच विसरले. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला होता,
सकाळीच कुणीतरी बटण दाबून बघितलं असणार.
कोपरापर्यंत एक पांढरी रेघ गेली
आणि मधलं बोट दुपारपर्यंत माझं नव्हतं.

मास्तर चेंदणीचे. त्यांचं सगळं खाडीवर येतं.
बॅटरीच्या आत चूल असते, म्हणायचे,
काहीतरी जळतं तेव्हा पुढे काहीतरी जातं,
सरपण आहे तोवर आच जवळजवळ तेवढीच,
मग एकदम राख.
कपॅसिटरमध्ये काही शिजत नाही.
ते खाजण. उघाडी लावून अडवलेलं भरतीचं पाणी.
उघाडी काढली की आधी धो धो,
मग झुळझुळ,
मग चिखल. आणि उद्या पुन्हा भरती.

गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी सुट्टी.
एका बोर्डावरून नाण्याएवढी चकती निघाली.
ना पट्टी, ना अक्षर. मीटर लावला:
दोन पॉइंट नऊ.
लिथियमचा सेल असला तरी एवढंच दाखवणार.
मी म्हटलं, लाल.
मास्तर म्हणाले, आत्ता काय आहे ते सगळेच सांगतात गं.
ओझं ठेव, मग बघ.

त्यांनी कानातलं यंत्र काढलं,
त्याचं इवलंसं दार उघडून बटणाएवढा सेल तळहातावर घेतला.
याच्या पाठीला भोकं आहेत, म्हणाले, हवा खातो,
वरचा कागद एकदा सोलला की थांबवता येत नाही याला.
त्याला एक रेझिस्टर, चकतीला एक.
दोन मीटर, दोन आकडे.

यंत्राचा सेल: एक पॉइंट तीन. एक पॉइंट तीन. एक पॉइंट तीन.
चकती: दोन पॉइंट आठ.
दोन पॉइंट सात.

मास्तर आता बहिरे होते.
कटिंग चहावर साय धरत होती.
आकड्याकडे बघत मी म्हटलं,
मास्तर, एक तारखेपासून मला महाप्याला बोलावलंय,
पगार जास्त आहे, बस दारातून जाते,
तीन आठवडे झाले, तुम्हाला सांगायचं राहतंय.
दोन पॉइंट पाच.
शेजारच्या गाळ्यातली प्रेस ठोके देत होती, तेही त्यांना नव्हते.
दोन पॉइंट तीन.
यंत्राचा सेल तसाच, हट्टी.

मग त्यांनी तो उचलला, यंत्रात बसवला,
कानात बारीकशी शिट्टी वाजली.
काय म्हणालीस मघाशी?
मी म्हटलं, दोन पॉइंट एक.

ते माझ्याकडे बघत राहिले
ओझं ठेवून मीटरकडे बघतात तसे.
मग चहावरची साय बोटाने बाजूला करत म्हणाले,
महाप्याचं कॅन्टीन बरं असतं म्हणतात.
ओठ वाचतो मी. वीस वर्षं ही प्रेस चालू आहे शेजारी,
कान कधीचेच गेले.

पुढे दोघंही काही बोललो नाही.
चकती मी लगेच टाकली नाही,
रेझिस्टर तसाच राहू दिला,
आकडा शून्याजवळ जाऊन रेंगाळेपर्यंत. शून्य काही होईना.
पाच वाजता मास्तरांनीच वायर सोडवली
आणि निळा ट्रे माझ्याकडे सरकवला.